वाघदेव

वाघदेव हे पश्चिम भारतातील आदिवासी व गुराखी समाजांचे लोकदैवत आहे. या दैवताचे लाकडावर वा दगडावर कोरलेले, गावाच्या शिवेवर किंवा रानात उघड्यावर उभारलेले शिल्पही याच नावाने ओळखले जाते. प्रदेशानुसार त्यास वाघोबा, बाघदेव, तर गोव्यात वाघ्रो असे म्हणतात. महाराष्ट्रातील नंदुरबार, नाशिक, पालघर व ठाणे या जिल्ह्यांत आणि गुजरातमधील डांग जिल्ह्यात वाघदेवाची उपासना आढळते.

शिल्पाचे स्वरूप

वाघदेवाचे शिल्प बहुधा सागासारख्या टिकाऊ लाकडाच्या खांबावर किंवा फळीवर, अथवा उभ्या दगडावर कोरलेले असते. वाघाची आकृती सामान्यतः एका बाजूने दाखवलेली असून तिच्या वर सूर्य व चंद्र असतात. काही शिल्पांत नागही आढळतो. डांग भागातील लाकडी खांब भडक रंगांनी रंगविण्याची पद्धत आहे, तर पालघर-ठाणे भागातील शिल्पांना शेंदूर लावला जातो. काही ठिकाणी कोरीव आकृती नसते. तेथे शेंदूर लावलेला ओबडधोबड दगडच वाघदेव मानला जातो.

बोलीभाषांत ‘वाघ’ हा शब्द पट्टेरी वाघ आणि बिबट्या या दोहोंसाठी वापरला जातो. त्यामुळे ज्या भागात आता केवळ बिबट्याच उरला आहे, तेथेही या उपासनेचा संदर्भ जिवंत राहिला आहे.

कथा व उपासना

वारली समाजात वाघोबाच्या उत्पत्तीची कथा सांगितली जाते. तिचे अनेक पाठ असले तरी गाभा सारखाच आहे. एका स्त्रीच्या पोटी जन्मलेला मुलगा वाघाचे रूप घेतो व गावातील गुरे मारू लागतो. गावकरी संतापतात, तेव्हा आई त्याला रानात पाठवते. गावाने त्याचे स्थान उभारून वर्षातून एकदा पूजा करावी आणि त्याने गावाला त्रास देऊ नये, असा करार होतो. कथेतील वाघ अशा प्रकारे परका शत्रू नसून गावातूनच रानात गेलेला आप्त ठरतो. देवाचे स्थान गाव आणि रान यांच्या सीमेवर असण्याशी ही कल्पना सुसंगत आहे.

हा वार्षिक पूजेचा दिवस म्हणजे आश्विन वद्य द्वादशी होय. इतरत्र वसुबारस म्हणून साजरा होणारा हा दिवस येथे वाघबारस या नावाने ओळखला जातो. गुराखी वाघदेवापाशी जमून नारळ, कोंबडा इत्यादी अर्पण करतात व गुरांच्या रक्षणाची प्रार्थना करतात. काही गावांत मुले वाघ, अस्वल, कोल्हा यांची सोंगे घेतात.

नंदुरबार परिसर

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा इत्यादी समाज येथे राहतात. सातपुड्यातील अनेक पाड्यांत दिवाळी पंचांगातील एका ठरावीक दिवशी न होता प्रत्येक गावाच्या सोयीने साजरी होते. अशा गावदिवाळीत गावदेवाबरोबर बाघदेवाचीही पूजा केली जाते.

जिल्ह्यातील नवापूर तालुक्याला लागून असलेल्या गुजरातच्या तापी जिल्ह्यात गामीत, वसावा व चौधरी समाजांत मगरदेव अथवा मोगरादेव हे लाकडी मगरीचे शिल्प पूजले जाते. एबरहार्ड फिशर व हकु शाह यांनी १९७१ मध्ये या शिल्पांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

सहजीवन व संघर्ष

मुंबई उपनगर, ठाणे व पालघर जिल्ह्यांतील वाघोबाच्या स्थानांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १५० स्थानांची नोंद आहे. बिबट्याने गुरे मारल्यास होणारे नुकसान सोसण्यासाठी ही श्रद्धा एक सामाजिक चौकट पुरवते, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. मात्र या श्रद्धेमुळे संघर्ष टळतोच असे नाही. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात वाघ्रोची दगडी शिल्पे आहेत. त्याच तालुक्यातील गोळावली येथे जानेवारी २०२० मध्ये चार वाघ मृतावस्थेत आढळले. गुरे मारल्याच्या रागातून त्यांच्यावर विषप्रयोग झाल्याचे तपासात पुढे आले. नंदुरबार जिल्ह्यातही शहादा व तळोदा तालुक्यांतील उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर असून, तेथे या प्राण्याशी येणारा संबंध रानापुरता मर्यादित राहिलेला नाही.

जतन

वाघदेवाची शिल्पे प्रामुख्याने उपासनेची वस्तू असून ती ऊनपावसात उभी असतात. लाकडी खांब काळाच्या ओघात कुजतात. त्यामुळे शिल्पाचे सातत्य मूळ वस्तूपेक्षा ते पुन्हा घडविण्याच्या रूढीवर अधिक अवलंबून असते. शिल्पाचा अर्थ त्याच्या जागेशी बांधलेला असल्याने गावाचे स्थलांतर हा त्यापुढील मोठा प्रश्न ठरतो. सरदार सरोवर प्रकल्पामुळे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. अशा विस्थापनात शेतजमिनीची मोजणी करून मोबदला ठरविता येतो, परंतु शीव, रान आणि देवाचे स्थान यांचे परस्परनाते नव्या वसाहतीत जसेच्या तसे नेता येत नाही.