ताठ पाठीचा प्रेस

आपल्याकडच्या जिममध्ये याला कुणी शोल्डर प्रेस म्हणतं, कुणी मिलिटरी प्रेस. खांद्यापाशी धरलेला रॉड पायांची मदत न घेता डोक्यावर न्यायचा आणि हात सरळ करायचे, एवढाच हा व्यायाम. ‘मिलिटरी’ हे नाव त्याला पडलं ते सावधानमध्ये उभ्या असलेल्या शिपायावरून. टाचा जुळलेल्या, गुडघे ताठ, पाठ सरळ. आज त्याच नावाने जे सेट मारले जातात, त्यात बहुतेक वेळा मागे बाकाचा टेकू असतो. हा व्यायाम उभ्याने करायची सवय कशी मोडली, हे नव्याने वजन उचलू लागलेल्या प्रत्येकाने समजून घ्यायला हवं. ज्या खोडीपायी प्रेस ऑलिंपिकमधून बाद झाला, तीच खोड नवशिक्याला पहिल्या महिन्यातच लागते.

१८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दोन हातांनी वजन डोक्यावर नेण्याची स्पर्धा होती. डेन्मार्कचा व्हिगो येन्सन आणि ब्रिटनचा लॉन्स्टन इलियट, दोघांनीही १११.५ किलो उचललं. मग निकाल लागला तो सफाईवर. येन्सनची ढब चांगली म्हणून पहिला नंबर त्याचा. वजन किती, याच्याइतकंच ते कसं उचललं यालाही मोल होतं.

त्याच काळात ताकदीचे जाहीर प्रयोग करणाऱ्या युजेन सँडोच्या नावाचा जगभर डंका होता. त्याच्या प्रयोगांतला बेंट प्रेस मात्र वेगळ्या जातीचा. एका हातातलं वजन खांद्याशी ठेवून अंग कडेला वाकवत त्या वजनाखाली जायचं, हात सरळ झाला की उठून उभं राहायचं. सँडोचं वेड आपल्याकडेही पोचलं होतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याची उपकरणं आणि पुस्तकं घेऊन कित्येक वर्षं त्याच्या पद्धतीने व्यायाम केला. सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते ते त्यानंतर झाले. आपल्या तालमींत खांदे घडत आले ते दंड आणि मुद्गलावर. मुद्गल खांद्यामागून फिरतो. वजन सरळ वर रेटणं ही निराळी विद्या.

ऑलिंपिकमध्ये दोन हातांचा प्रेस १९२४ साली पॅरिसला आला. १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला प्रेस, स्नॅच आणि जर्क अशी तीन उचलींची पद्धत ठरली आणि पुढे चव्वेचाळीस वर्षं टिकली. प्रेसचा नियम सोपा होता. वजन छातीपर्यंत घ्यायचं, स्थिर उभं राहायचं, पंचाची खूण मिळाली की वर ढकलायचं. गुडघा वाकवायचा नाही, धड मागे टाकायचं नाही. त्या वर्षी सर्वांत वरच्या वजनगटात जर्मनीच्या योसेफ श्ट्रासबर्गरने सुवर्ण मिळवलं. त्याचा प्रेस १२२.५ किलो, जर्क १४२.५. जर्कमध्ये पायांची ताकद लागते, म्हणून तो वीस किलोंनी पुढे. हिशेब बरोबर होता.

नंतर हा हिशेब बिघडत गेला. धड थोडं मागे झुकलं की छातीचे वरचे स्नायू मदतीला येतात आणि जास्त वजन जातं, हे खेळाडूंनी हेरलं. मग कंबर पुढे काढून शरीर धनुष्यासारखं ताणायचं आणि खूण मिळताच तो ताण सोडून रॉडला उसळी द्यायची, असं तंत्रच तयार झालं. किती झुकलं म्हणजे फार झालं, हे प्रत्येक पंच आपापल्या नजरेने ठरवू लागला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाच्या वासिली अलेक्सेयेवने प्रेसमध्ये २३५ किलो उचलले आणि जर्कमध्ये २३०. पायांशिवायची उचल पायांच्या उचलीपेक्षा जड झाली! अलेक्सेयेवच्या ताकदीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण हे दोन आकडे शेजारी ठेवले की प्रेस आता खांद्यांचा उरला नव्हता हे स्पष्ट दिसतं. पंचगिरी अशक्य झाली होती, कमरेच्या दुखापतींची धास्ती होती. म्युनिकनंतर प्रेस कायमचा वगळला गेला.

त्याच वर्षी पॉवरलिफ्टिंगचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. त्याच्या तीन उचली म्हणजे स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट. त्यात डोक्यावर काहीच जात नाही. ‘किती मारतोस?’ या प्रश्नाचा अर्थ ‘बेंच किती मारतोस?’ असा झाला. अमेरिकेत प्रशिक्षक मार्क रिपेटोने २००५ च्या आपल्या पुस्तकात नवशिक्यांसाठी उभ्याचा प्रेस पुन्हा मुख्य व्यायामांत बसवला, हे त्याचं मोठं काम.

आमच्या जिममधला एक अकरावीतला मुलगा गेल्या महिन्यात ३० किलोवर अडला होता. तिसऱ्या रेपला त्याच्या बरगड्या वर उचलल्या जात, पोट पुढे येई, नजर छताला लागे. म्युनिकचा सगळा इतिहास त्या एका रेपमध्ये. त्याला २० किलोचा रिकामा रॉड दिला. हात खांद्यांच्या जरा बाहेर. रॉड बोटांवर नको, तळव्याच्या मुळाशी, म्हणजे मनगट मागे मोडत नाही. कोपरं रॉडच्या किंचित पुढे. नितंब घट्ट आवळायचे, बरगड्या खाली ओढायच्या, श्वास भरून रोखायचा. रॉड वर निघताना त्याने हनुवटी मागे घेतली, कपाळावरून रॉड गेल्यावर डोकं पुन्हा त्याखाली आणलं. वर हात सरळ झाले तेव्हा रॉड पावलांच्या बरोबर मध्यावर होता. पाठ हलली नव्हती.

वजन वाढवतानाही घाई नको. खांद्याचे स्नायू लहान, त्यामुळे प्रेस सगळ्यांत आधी अडतो. बऱ्याच जिममध्ये सर्वांत छोटी प्लेट अडीच किलोची असते. दोन्हीकडे एकेक लावली की ३० चे ३५ होतात, म्हणजे एकदम एक षष्ठांश वाढ. एवढ्या मोठ्या उडीला शरीर पाठ वाकवूनच उत्तर देतं. सव्वा किलोच्या प्लेटांची जोडी स्वतः विकत घ्या, मिळाल्या तर अर्ध्या किलोच्याही. आठवड्यातून दोनदा, पाच-पाच रेपचे तीन सेट पुरतात.

पुढच्या वेळी प्रेस माराल तेव्हा मित्राला बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. कमरेत बाक दिसला तर प्लेटा उतरवा.