शुक्रावरून आलेली तेवीस मिनिटे

सरकारी कामकाजात ‘दप्तरी दाखल’ या शेऱ्याला मोठे वजन असते. विषय संपला, कागद बांधून ठेवावेत, पुन्हा उघडण्याचे कारण नाही, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. १५ डिसेंबर १९७० रोजी सोव्हिएत संघाच्या व्हेनेरा-७ या मानवरहित यानावर जवळजवळ असाच शेरा पडला होता. तो कायम राहिला असता, तर माणसाने दुसऱ्या ग्रहावर सुखरूप उतरवलेल्या पहिल्या यानाची नोंद अपयशाच्या खात्यात गेली असती. प्रशासनात काम करणाऱ्यांनी म्हणूनच हा इतिहास जाणून घ्यावा.

मूळ प्रश्न तापमानाचा होता. कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना तेथील साहा अणुभौतिकी संस्था परिचित असेल. ही संस्था ज्यांच्या नावाने उभी आहे, त्या मेघनाद साहांनी १९२० साली मांडलेल्या समीकरणामुळे ताऱ्याच्या प्रकाशपटावरून त्याचे तापमान काढणे शक्य झाले. दुरून येणारा संकेत नीट वाचला तर तेथे न जाताही बरेच कळते, हा त्यातला धडा. साहा प्रशासनातही वावरले. लोकसभेचे सदस्य होते, पंचांग सुधारणा समितीचे अध्यक्ष होते, आणि १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जात असतानाच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी अमेरिकेत शुक्राकडून येणाऱ्या रेडिओ लहरी मोजल्या गेल्या आणि हा ग्रह तीनशे अंश सेल्सिअसहून अधिक तापलेला असावा असे दिसले. पण ही उष्णता जमिनीची की वरच्या वातावरणाची, यावर वाद राहिला. पृष्ठभाग ढगांनी झाकलेला. तेथे समुद्र असेल असे मानणारेही होते.

हुगळीचा गाळ टाकून सॉल्ट लेकची जमीन तयार होत होती, त्याच दशकात सोव्हिएत अभियंते न पाहिलेल्या जमिनीवर उतरण्याची तयारी करीत होते. १ मार्च १९६६ रोजी व्हेनेरा-३ शुक्रावर पोचले, पण त्याआधीच संपर्क तुटला होता. पुढचे काम गेओर्गी बाबाकिन यांच्या नेतृत्वाखालील लावोच्किन कार्यालयाकडे होते. १८ ऑक्टोबर १९६७ रोजी व्हेनेरा-४ ची कुपी छत्रीच्या आधाराने उतरू लागली. खाली पाणी निघाल्यास ती तरंगावी, अशीही योजना होती. सुमारे दीड तास माहिती पाठवून ती गप्प झाली. शेवटची नोंद होती २६२ अंश तापमान आणि पृथ्वीवरील हवेच्या सुमारे २२ पट दाब.

कुपी पृष्ठभागावर पोचली, असे अधिकृतपणे जाहीर झाले. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचे मरिनर-५ शुक्राजवळून गेले आणि त्याच्या मोजमापांशी हा दावा जुळेना. जमिनीवरचा दाब कितीतरी अधिक असला पाहिजे, म्हणजेच कुपी वाटेतच, सुमारे २५ किलोमीटर उंचीवर बंद पडली, हे पुढे मान्य करावे लागले. मे १९६९ मध्ये व्हेनेरा-५ आणि ६ यांच्या अधिक मजबूत कुप्याही वाटेतच निकामी झाल्या.

व्हेनेरा-७ ची रचना करताना मात्र जाहीर झालेला आकडा बाजूला ठेवला गेला. टायटॅनियमची कुपी १८० पट दाब आणि ५४० अंश तापमान सोसेल अशी बनवली. त्या वजनाची भरपाई उपकरणे कमी करून केली. १७ ऑगस्ट १९७० रोजी यान निघाले. पाच दिवसांनी निघालेले त्याचे जुळे यान पृथ्वीच्या कक्षेतच अडकले आणि जगाला त्याची ओळख ‘कॉसमॉस-३५९’ या सर्वसाधारण उपग्रहाच्या नावाने करून देण्यात आली. बाहेर अपयश झाकणारी व्यवस्था आणि आत खरे आकडे वापरणारे अभियंते, असे हे दुहेरी चित्र आहे.

उतरताना छत्री फाटली. कुपी ताशी सुमारे ६० किलोमीटर वेगाने आदळली आणि संकेत थांबल्यासारखा वाटला. फितींवर पुढे केवळ खरखर होती. काही आठवड्यांनी रेडिओ शास्त्रज्ञांनी त्या फिती पुन्हा तपासल्या. खरखरीत दडलेला, मूळच्या सुमारे एक टक्का बळाचा संकेत सापडला. तो तेवीस मिनिटे चालला होता. बहुधा कुपी कलंडून तिच्या अँटेनाची दिशा पृथ्वीकडून वळली होती.

त्यात आणखी एक अडचण होती. उपकरणे आळीपाळीने जोडणारी कळ अडकल्यामुळे फक्त तापमानच आले होते. पण त्या तेवीस मिनिटांत ते बदलले नाही, सुमारे ४७५ अंशांवर स्थिर राहिले. संकेताच्या कंपनसंख्येवरूनही कुपी थांबल्याचे दिसत होते. ती जमिनीवर होती, याचा हा पुरावा. उतरण्याचा वेग आणि तापमान यांवरून दाबही काढता आला. तो निघाला सुमारे ९० पट.

याचा लाभ लगेच दिसला. खरा दाब कळल्यामुळे व्हेनेरा-८ ची कुपी १०५ पट दाबापुरतीच मजबूत केली. वाचलेल्या वजनात प्रकाशमापक आणि खडकांतील किरणोत्सर्ग मोजणारे उपकरण बसले. २२ जुलै १९७२ रोजी उतरून तिने जमिनीवरून ५० मिनिटे माहिती पाठवली. अज्ञानापोटी ठेवावा लागणारा फाजील राखीव भाग खऱ्या आकड्यामुळे कमी होतो आणि तो निधी कामाला लागतो. कोणत्याही अंदाजपत्रकाला हे लागू आहे.

आपल्याकडचे उदाहरण चंद्राचे आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा विक्रम आदळला. त्याच्या शेवटच्या नोंदी अभ्यासून काय काय बिघडू शकते याची मांडणी झाली, पाय मजबूत केले गेले आणि उतरण्याचे क्षेत्र अर्धा किलोमीटरच्या चौरसावरून ४ बाय २.४ किलोमीटर केले गेले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ उतरले. शुक्राभोवती फिरणाऱ्या भारतीय यानालाही केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली.

आपल्या कार्यालयांत मात्र फसलेल्या योजनेची कागदपत्रे बहुधा दोनच कारणांनी उघडतात: लेखापरीक्षण किंवा चौकशी. दोन्हींचा हेतू दोषी शोधण्याचा. त्यामुळे ज्याच्याकडे खरे आकडे असतात तोच ते लपवतो आणि पुढची योजना पुन्हा अंदाजावर आखली जाते. ज्या प्रकल्पावर जनतेचा पैसा खर्च झाला, त्याच्या मूळ नोंदी जपण्याची आणि वर्षभराने त्या दोषारोपाविना पुन्हा वाचण्याची जबाबदारी एका ठरावीक अधिकाऱ्यावर लेखी सोपवावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरते.