थांब बाळा, जाऊ नकोस

आपल्या आजी-पणजीच्या काळी मुलं जगत नसली, की पुढच्याचं नाव दगडू नाहीतर धोंडू ठेवायचे. नाव ऐकून मरणानं पाठ फिरवावी, एवढीच आस. अशाच नावांची एक गोष्ट आज ऐकूया, आफ्रिकेतल्या नायजेरिया देशाची.

तिथं नैर्ऋत्य भागात योरुबा लोक राहतात. त्यांची जुनी समजूत अशी, की जन्माआधी वरच्या लोकात जिवाचे सोबती असतात. त्यांना म्हणतात 'एग्बे ओरुन'. काही जीव खाली येताना सोबत्यांना वचन देतात, 'अमुक वेळी परत येतो.' मग ते मूल लहानपणीच जातं, त्याच आईच्या पोटी पुन्हा येतं आणि पुन्हा जातं. असं मूल म्हणजे 'आबिकू', मरण्यासाठीच जन्मलेलं.

आया गप्प बसत नसत. बाळाच्या पायात घुंगरू बांधत, सोबत्यांनी लांब राहावं म्हणून. त्यांना खूश ठेवायला गावातल्या मुलांना खाऊ वाटत. नावातून बाळाची विनवणी करत. मालोमो, म्हणजे पुन्हा जाऊ नकोस. दुरोजाये, म्हणजे थांब, जगण्याचं सुख घे. पण मूल गेलंच, तर त्याच्या अंगावर खूण करत, परत आल्यावर ओळखू यावं म्हणून.

मुलं जात होती ती हिवताप, गोवर, डांग्या खोकला, जुलाब आणि कुपोषणानं. काही घरांत सिकलसेल होता. दोन्ही पालकांकडून येणारा हा रक्ताचा आजार एकाच घरातली दोन-तीन मुलंही नेऊ शकतो. आपल्या गडचिरोली, नंदुरबारकडेही तो आहे.

१९५० च्या दशकात डेव्हिड मॉर्ली हे ब्रिटिश डॉक्टर इमेसी-इले या योरुबा गावात लहान मुलांचा दवाखाना चालवू लागले. दर महिन्याला बाळाचं वजन करायचं, कार्डावर रेघ ओढायची आणि कार्ड आईकडेच ठेवायचं. रेघ खाली वळली, की बाळ फार आजारी पडण्याआधीच कळायचं. पुढं अशी कार्डं अनेक देशांत गेली. आपल्या अंगणवाडीतला वजनाचा तक्ता त्यांच्याच नात्यातला.

म्हणून आपण त्या आयांना हसायचं नाही. त्यांच्या हाती होतं तेवढं त्यांनी केलं. आपल्या हाती तक्ता आहे, लस आहे, सिकलसेलची रक्ततपासणी आहे. आणि एखादीची मुलं जगली नाहीत, तर तिला पांढऱ्या पायाची म्हणायचं नाही. तिच्यासोबत दवाखान्यात जायचं. ती एकटी पडता कामा नये.