मांडवातून वकिलातीत

परदेशात नोकरीला असलेल्या नवऱ्याकडे राहायला निघालेल्या मुलीच्या फायलीत पासपोर्ट असतो, फोटो असतात, बँकेचे कागद असतात. पण सगळी फाईल उभी असते ती एकाच कागदावर. जळगाव किंवा धुळे महानगरपालिकेतून, नाहीतर गावच्या ग्रामपंचायतीतून मिळालेला तो विवाह नोंदणीचा दाखला, ‘नमुना ई’. अमक्याचं अमकीशी अमुक तारखेला, अमुक ठिकाणी लग्न झालं आणि त्याची नोंद अमुक खंडात आहे, एवढंच तो सांगतो. जास्त मुदतीच्या कुटुंब व्हिसासाठी वकिलात आधी तोच पाहते.

आपल्याकडे लग्नाला कागद लागतच नव्हता. मांडव पडला, अक्षता पडल्या, वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीच्या पंगती उठल्या की अख्खं गाव साक्षीदार. विवाहसंस्थेचा इतिहास लिहिणारे इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले. त्यांच्या काळात खानदेशातल्या शेतकऱ्याच्या घरी लग्नाचा सरकारी दाखला शोधून सापडला नसता. पारशांच्या लग्नांची नोंद १८६५च्या कायद्याने होत होती, ख्रिस्ती आणि नोंदणी पद्धतीच्या लग्नांची १८७२च्या. बाकी समाजाला त्याची गरज पडली नाही, कारण लग्न झालंय की नाही हे विचारणारा परका माणूस दारात उभाच नव्हता.

तो उभा राहिला समुद्रापलीकडे. दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथला राहणाऱ्या हसन इसप याने हिंदुस्थानातून आपल्या बायकोला, बाई मरियमला, बोलावून घेतलं. बंदरावर तिला अडवलं. प्रकरण केपच्या न्यायालयात गेलं आणि १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला: ज्या धर्मात एकाहून अधिक बायकांना मुभा आहे, त्या धर्माप्रमाणे लागलेलं लग्न तिथल्या कायद्याने लग्नच नव्हे. एका फटक्यात तिथल्या हजारो हिंदू-मुसलमान बायका कायद्याच्या लेखी बायका उरल्या नाहीत. हा अपमान बायकांना झोंबला. त्या सप्टेंबरात कस्तुरबा गांधी आणि त्यांच्यासोबतच्या स्त्रिया सत्याग्रह म्हणून परवान्याशिवाय ट्रान्सवालची हद्द ओलांडायला निघाल्या आणि तीन महिने सक्तमजुरीवर गेल्या. इकडे गोपाळ कृष्ण गोखले आजारी असतानाही या लढ्यासाठी पैसा उभा करत होते. १९१४च्या इंडियन रिलीफ ॲक्टने अखेर एक पत्नी आणि तिची अज्ञान मुलं मान्य केली.

माझ्या मते आजच्या कुटुंब व्हिसाचा खरा पूर्वज मात्र चार वर्षांनंतरचा आहे. १९१८ साली लंडनच्या साम्राज्य युद्ध परिषदेत ठराव झाला की, वसाहतींत कायम राहणाऱ्या हिंदी माणसाला बायकामुलं नेता येतील. पण बायको एकच, आणि ती त्याची कायदेशीर पत्नी असल्याचं हिंदुस्थान सरकारने प्रमाणित करायचं. लग्नाचं प्रमाणपत्र आणि परदेशातल्या घराचा दरवाजा यांची गाठ तेव्हा पडली. ती अजून सुटलेली नाही.

घरच्या कायद्यांना वेळ लागला. मुंबई राज्याचा विवाह नोंदणी कायदा १९५३चा, सध्याचा महाराष्ट्राचा १९९८चा. सर्व धर्मीयांची लग्नं सक्तीने नोंदवा, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते फेब्रुवारी २००६मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै २००५पासून, भारतात हेग कराराचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का, लागू झाला होता. म्हणून आज जळगावचा दाखला आधी मंत्रालयात साक्षांकित होतो, मग त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल चढतो.

खरी अडचण शिक्क्यांची नसते, नावांची असते. ‘नमुना ड’ या अर्जावर वर-वधू, तीन साक्षीदार आणि पुरोहित सह्या करतात. अर्ज भरणारा बहुधा सासरचा कुणी असतो आणि तो सुनेचं नाव लग्नानंतरचं लिहून मोकळा होतो. कधी तर पाळण्यातलं नाव बदलून लग्नात ठेवलेलं नावसुद्धा. पासपोर्टवर मात्र वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. वकिलातीच्या खिडकीपलीकडच्या माणसाला या दोन बायका दिसतात. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावबदल, पासपोर्टचं नूतनीकरण असं सगळं त्या एकटीच्या मागे लागतं, आणि नवरा तिकडे वाट बघत बसतो. लग्नानंतर बाईने नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही, पासपोर्टही माहेरच्या नावावर चालतो. हे आपल्या घरांत कुणी मुलीला सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

जर्मनीने तर भारताच्या अपोस्टिलला हरकत नोंदवलेली आहे. तिथे तो शिक्का पुरत नाही. वकिलातीला गरज वाटली तर तिने नेमलेला वकील दाखला देणाऱ्या कार्यालयापर्यंत येऊन मूळ नोंद तपासतो. त्यामुळे नुसत्या दाखल्याच्या प्रतीवर खाडाखोड करून भागत नाही. दुरुस्ती नोंदवहीतच व्हावी लागते, आणि नवरा सुट्टीवर घरी असताना, भटजी आणि तिन्ही साक्षीदार हाताशी असतानाच ती करून घेतलेली बरी.