लंडनची बिनतिकिटाची दारे



परगावी जावयाचे म्हटले की आपल्या मंडळात पहिला प्रश्न निघतो तो "माणशी किती?" हाच. देवळाखेरीज बिनपैशाचे दार आपल्याला ठाऊक नसते, आणि देवळातही चपला ठेवण्याचे सुटे पैसे लागतातच. म्हणून लंडनसारख्या महागड्या राजधानीत मोठमोठी संग्रहालये फुकट पाहावयास मिळतात असे सांगितले, तर पुष्कळजणींना ते खरे वाटत नाही. अध्यक्षीणबाईंनी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा आग्रह केला, तेव्हा हाच विषय घेतला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. २०२२ साली धाकट्या जाऊबाईंच्या बाळंतपणासाठी मी पाच आठवडे तिकडे होते. पुतण्या इंग्रजी पाट्या वाचून अर्थ सांगे. परत आल्यावर मिळेल ते वाचले, जाणत्यांना विचारले. ही दारे आपोआप उघडली नाहीत, आणि एकदा तर ती केवळ बायकांसाठी बंद झाली होती. तीच हकीकत मुख्यतः सांगावयाची आहे.

त्या वर्षी एक पौंड म्हणजे आपले पंचाण्णव रुपयांच्या आसपास. चहाचा पेला घेतला तरी मनात गुणाकार सुरू होई. पण ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, सायन्स म्युझियम, प्राण्यांच्या सांगाड्यांचे नॅचरल हिस्टरी म्युझियम, या सर्व ठिकाणी दारात पिशवी उघडून दाखवायची आणि सरळ आत जायचे. मध्येच एखादे खास प्रदर्शन भरते, त्याला मात्र तिकीट असते. ते सोडून द्यावे. जे बिनपैशाचे आहे तेच पाच आठवड्यांत पाहून होत नाही.

यांतले सर्वांत जुने ब्रिटिश म्युझियम. सर हॅन्स स्लोन नावाचे एक नामांकित वैद्य होते. पुस्तके, नाणी, शंखशिंपले, वाळवलेल्या वनस्पती अशा एकाहत्तर हजारांवर वस्तू त्यांनी जमविल्या होत्या. १७५३ साली ते वारले. माझ्या मुलींना वीस हजार पौंड द्यावेत आणि हा संग्रह राष्ट्राने घ्यावा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. पार्लमेंटने कायदा केला, पण तिजोरीतून पैसा काढवेना, म्हणून चक्क सोडत काढली. सोडतीच्या पैशावर इतकी मोठी संस्था उभी राहिली! येथे एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. स्लोनसाहेबांच्या पत्नीकडून त्यांना जमैका बेटावरील उसाच्या मळ्यांचे उत्पन्न मिळे, आणि त्या मळ्यांत गुलाम राबत. आज जे फुकट दिसते त्याची किंमत कोणीतरी आधीच मोजलेली असते, ती अशी.

१५ जानेवारी १७५९ रोजी दार उघडले. पैसे नव्हते, पण चिठ्ठी हवी. नाव, धंदा, पत्ता दरवानाकडे लिहून द्यायचा, मग मान्य झाल्यास चिठ्ठी मिळायची, आणि ठरल्या दिवशी लहानशा टोळीबरोबर आत फिरवून आणायचे. १७८४ साली बर्मिंगहॅमचे विल्यम हटन नावाचे पुस्तकविक्रेते आले. त्यांनी दुसऱ्या कोणाची चिठ्ठी जवळजवळ दोन शिलिंग देऊन विकत घेतली, आणि अर्ध्या तासात त्यांना सगळ्या दालनांतून पळविण्यात आले. काही विचारावे तर बरोबरचा माणूस तुटकपणे बोले. म्हणजे फुकट चिठ्ठीचा काळाबाजार तिकडेही होताच. १८१० पासून आठवड्यातून तीन दिवस नीटनेटक्या कपड्यांतल्या कोणालाही चिठ्ठीशिवाय सोडू लागले. 'नीटनेटक्या कपड्यांतल्या' हे शब्द लक्षात ठेवावेत. कामकरी माणसाला सुटी रविवारची, आणि रविवारी ही दारे १८९६ पर्यंत बंदच होती.

नॅशनल गॅलरी १८२४ सालची. अँगरस्टाइन नावाच्या एका धनिकाची अडतीस चित्रे सरकारने सत्तावन्न हजार पौंडांना घेतली आणि प्रथम त्याच्याच घरात मांडली. १८३८ साली ट्राफल्गार चौकात नवी इमारत झाली. पुढे तक्रार निघाली की चौकात धूर फार, गर्दी फार, चित्रे खराब होतात, गॅलरी दूर स्वच्छ जागी न्यावी. चौकशी समिती बसली. तेव्हा काही शहाण्या माणसांनी सांगितले की चित्रे माणसांसाठी आहेत, चालत येता येईल तेथेच ती राहिली पाहिजेत. गॅलरी चौकातच राहिली. दुसऱ्या महायुद्धात बाँबच्या भीतीने सगळी चित्रे वेल्समधील पाटीच्या दगडाच्या खाणीत नेऊन ठेवली होती. लोकांनी मागणी केली की निदान एक तरी चित्र दाखवा. म्हणून १९४२ पासून दर महिन्याला एकच चित्र लंडनला आणून टांगत, आणि माणसे ते एक चित्र पाहावयास येत. मला तर हे ऐकून घरातल्या सगळ्या मूर्ती पेटीत ठेवून एकच देव पूजेला बाहेर ठेवल्यासारखे वाटले.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट १८५७ साली साउथ केन्सिंग्टन येथे निघाले. त्याचे मुख्य हेन्री कोल हे खरोखर विचारी गृहस्थ. दिवसभर राबणारा माणूस संध्याकाळीच मोकळा होणार, म्हणून त्यांनी दालनांत गॅसचे दिवे लावले आणि रात्री दार उघडे ठेवले. आत खाण्यापिण्याची सोयही केली. तशी सोय असलेले हे पहिलेच संग्रहालय. आठवड्याचे तीन दिवस फुकट, आणि उरलेले तीन दिवस सहा पेन्स, विद्यार्थ्यांना निवांतपणे अभ्यास करता यावा म्हणून.

आता बायकांची गोष्ट. त्या काळी इंग्लंडात स्त्रियांना मताचा अधिकार नव्हता. अर्ज करून, सभा घेऊन काही होईना, तेव्हा काही स्त्रिया उग्र मार्गाला लागल्या. ९ मार्च १९१४ रोजी त्यांच्या पुढारी एमेलिन पँकहर्स्ट यांना पकडण्यात आले. दुसऱ्याच दिवशी मेरी रिचर्डसन नावाची बाई खाटकाचा सत्तूर झग्यात लपवून नॅशनल गॅलरीत गेली, आणि वेलास्केथ या चित्रकाराचे रतीदेवीचे प्रसिद्ध चित्र तिने फाडले. तिला सहा महिन्यांची शिक्षा झाली. पुढे ब्रिटिश म्युझियममध्येही काचेची कपाटे फुटली. तेव्हा म्युझियमने नियम केला की पुरुषांना पूर्वीप्रमाणे मोकळी वाट, पण बाईला चिठ्ठी पाहिजे, आणि तिच्या वागण्याची हमी घेणाऱ्या जबाबदार व्यक्तीची शिफारस असल्याखेरीज चिठ्ठी मिळणार नाही.

मी कोणी चित्र फाडण्याच्या बाजूची नाही. एवढ्या मेहनतीचे काम, ते फाडावयाचे कशासाठी? पण कपाट फोडणाऱ्या दोघीतिघी, आणि हमी मागितली सगळ्या बायकांकडे, हे मला पटत नाही. मुलाला घेऊन आलेली आई, शिकणारी मुलगी, शिवणकाम करून दमलेली बाई, या सगळ्यांना एकाएकी दुसऱ्याच्या सहीची गरज पडली. आपल्याकडेही घरातून बाहेर पडताना "बरोबर कोण आहे?" हे विचारले जातेच, म्हणून ही हकीकत मला परकी वाटली नाही. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले, चळवळवाल्या बायकांनी लढा थांबविला, सरकारने त्यांना तुरुंगातून सोडले. १९१८ साली तीस वर्षांवरच्या काही स्त्रियांना मत मिळाले आणि १९२८ साली पुरुषांच्या बरोबरीने सर्वांना. ते चित्र डागडुजी करून पुन्हा टांगलेले आहे. मी त्याच्यापुढे बराच वेळ उभी होते. पाठीवरचे वार कोठे बसले असतील ते आता दिसत नाही.

याच ब्रिटिश म्युझियमच्या घुमटाखालच्या वाचनालयात आपल्या महाराष्ट्राचे एक विद्यार्थी दिवसच्या दिवस बसले आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ साली लंडनला गेले, शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली परतले, आणि १९२० साली स्वतः पैसे जमवून पुन्हा गेले. सकाळी दार उघडताच ते वाचनालयात जाऊन बसत ते बंद होईपर्यंत, दुपारच्या जेवणालाही पैसा खर्चीत नसत, असे त्यांच्या चरित्रांत आहे. इकडे मुंबईत रमाबाई ओढाताणीने संसार चालवीत होत्या. त्या वाचनालयाला फी असती तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनात येतो. १९२३ साली त्यांना लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळाली. १९२१-२२ मध्ये ते किंग हेन्रीज रोडवरील दहा नंबरच्या घरात राहत. ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले आणि तेथे त्यांचे स्मारक केले. तेथेही तिकीट नाही.

म्हणून प्रवेश फुकट असावा की नसावा हा प्रश्न तिकडे दर पिढीला निघतो. जानेवारी १९७४ मध्ये सरकारने सर्व राष्ट्रीय संग्रहालयांना दहा पेन्सचे तिकीट लावले. माणसे रोडावली, सरकार बदलले, आणि मार्चअखेर तिकीट गेले. पुढे १९८५ नंतर काही संग्रहालयांनी पुन्हा पैसे घेण्यास सुरुवात केली. ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरी यांनी मात्र घेतले नाहीत. १९९९ साली मुलांना, २००० साली साठीवरच्यांना आणि डिसेंबर २००१ पासून सर्वांना सगळीकडे मोफत झाले. खर्च सरकारी तिजोरीतून, म्हणजे तेथल्या लोकांच्या करांतून होतो. परदेशी पाहुण्यांकडून तरी पैसे घ्यावेत असे अलीकडे काहीजण म्हणू लागले आहेत. घरखर्च चालविणारी बाई म्हणून मला त्यांचे म्हणणे कळते. पण त्या कपाटांत आमच्याकडचे किती आहे, हेही त्यांनी मोजावे. अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. टिपू सुलतानचा लाकडी वाघ १७९९ साली श्रीरंगपट्टणहून गेला, तो व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहे. गोऱ्या शिपायावर बसलेला वाघ, दांडा फिरवला की गुरगुरतो. पूर्वी तो कंपनीच्या कचेरीत ठेवला होता तेव्हा येणारेजाणारे दांडा फिरवीत राहात, आणि शेजारी वाचत बसलेले विद्वान वैतागून जात! कोहिनूर मात्र टॉवरमध्ये आहे, तेथे २०२२ साली माणशी तीस पौंडांच्या घरात तिकीट होते. दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून १८४९ साली घेतलेला हिरा पैसे मोजून पाहावा, हे मला रुचले नाही. मी गेले नाही.

आपल्या साताऱ्याचा संबंध तर अगदी जवळचा. येथले रेसिडेंट ग्रँट डफ यांनी नेलेली वाघनखे त्यांच्या घराण्याकडून व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला मिळाली. ती महाराजांचीच असे खात्रीने सांगता येत नाही, असे त्या म्युझियमनेही म्हटले आहे. जुलै २०२४ मध्ये ती तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आणि प्रथम आपल्याच गावी मांडली गेली, हे आपण जाणताच.

कोणाची मुले तिकडे असतील आणि जाणे झालेच, तर शुक्रवार धरावा. ब्रिटिश म्युझियम साडेआठपर्यंत, नॅशनल गॅलरी नऊपर्यंत आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट दहापर्यंत उघडे असते. घरातला स्वयंपाक लवकर आटोपून निघावे. बरोबर डबा व पाण्याची बाटली घ्यावी, आणि पायात जुने, सवयीचे जोडे घालावेत, कारण आत फरशीवर चालणे फार होते.