नाही म्हणण्याचे शास्त्र

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात पाटणकर बाजार नावाची पेठ आहे. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस छावणी टाकली. तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मी तेथे मावसबहिणीकडे उतरलो होतो. तिचा मुलगा बाजारातल्या एका कापडदुकानासाठी संगणकावर बिलांची आज्ञावली लिहीत होता.

मालकाचा नियम साधा होता. खरेदी हजार रुपयांच्या वर असेल आणि पैसे रोख असतील, तरच सूट. भाच्याने तो उलट बाजूने लिहिला : खरेदी हजारांच्या वर नाही आणि पैसे रोख नाहीत, त्याला सूट नाही, बाकी सर्वांना सूट. झाले! पाचशेचे रोखीचे गिऱ्हाईकही सूट घेऊन गेले. "मामा, नकार करताना 'आणि'च्या जागी 'किंवा' यायला हवा होता," तो कपाळाला हात लावून म्हणाला.

मला हसू आले नाही. काही वर्षांपूर्वी मीही अशीच चूक करून बसलो होतो. ती पुढे सांगतो.

हा नियम आज ऑगस्टस डी मॉर्गन या इंग्रज गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. त्याचा जन्म १८०६ साली आपल्याच देशात, मदुराईस झाला. दिल्लीच्या मास्टर रामचंद्रांचा गणितग्रंथ १८५९ साली लंडनमध्ये पुन्हा प्रसिद्ध झाला, तो याच्याच खटपटीने. नियम दोन ओळींचा आहे. 'दोन्ही आहेत' याचा नकार 'निदान एक तरी नाही'. आणि 'दोहोंपैकी एक तरी आहे' याचा नकार 'एकही नाही'. चौदाव्या शतकातल्या विल्यम ऑफ ओकमनेही हे शब्दांत सांगून ठेवले होते.

आपल्याकडे मिथिलेच्या गंगेश उपाध्यायांपासून चालत आलेल्या नव्यन्यायाने तर अभावाचीच बारीक छाननी केली. जमिनीवर घट आहे, पट नाही. तरीही नैयायिक म्हणेल, येथे 'उभयाभाव' आहे. कारण जोडी पुरी नाही. 'अन्यतराभाव' मात्र घटही नसेल आणि पटही नसेल तेव्हाच. डॅनियल इंगॉल्स या अमेरिकन संस्कृत पंडिताने १९५१ च्या आपल्या ग्रंथात डी मॉर्गनशी असलेले हे साम्य दाखवून दिले. न्यायशास्त्रातल्या अशा संज्ञांचा 'न्यायकोश' रचला तो भीमाचार्य झळकीकरांनी. त्यांच्या आडनावातले झळकी हे गाव आपल्या सीमेलगतच्या विजापूर जिल्ह्यातले. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली त्या कोशाची आवृत्ती १९२८ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढली.

बोलीत मात्र हा भेद पुसट होतो. 'दोन्ही नाहीत' म्हटले की ऐकणारा 'एकही नाही' असेच समजतो. बोलण्यात ते खपून जाते, यादीत खपत नाही.

आमच्या शाळेच्या गरीब विद्यार्थी निधीचा नियम होता : ज्याचे वडील नाहीत किंवा ज्याच्या घरी जमीन नाही, त्याला फीमाफी. अर्ज फार आले, म्हणून मी लेखनिकास सांगितले, "वडील आहेत किंवा जमीन आहे, त्यांची नावे काढून टाका." 'आणि' म्हणायला हवे होते. वडील वारलेली, पण नावावर दोन एकर माळरान असलेली एक मुलगी त्या एका शब्दाने गळाली. तिचे शाळेत येणे बंद झाले. दिवाळीनंतर मी घरी गेलो, तेव्हा ती आईशेजारी बसून विड्यांची पाने कातरीत होती.

मी दोघींची माफी मागितली. ती परत आली. पण सहामाही परीक्षा बुडाली ती बुडालीच.

तेव्हा मी त्याला नजरचूक म्हटले होते. ती मुळात विचाराची चूक होती, हे पाटणकर बाजारात उमगले. आता कोणाचे नाव काढण्यापूर्वी मी कागदावर चार घरे आखतो : दोन्ही आहेत, पहिलेच आहे, दुसरेच आहे, एकही नाही. प्रत्येक घरात एकेक मूल उभे करून पाहतो. मगच सही करतो.