साथ, शिक्षा आणि कारागृहाचे दार
(इतिहासाची दीर्घ मालिका : नाशिकरोड, भायखळा, आर्थर रोड)

१.
नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहाची ओळख मराठी वाचकाला बहुधा एका पुस्तकामुळे असते. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात असताना लिहिली. त्या घटनेनंतर सत्त्याऐंशी वर्षांनी, २०२० च्या उन्हाळ्यात, नाशिकरोडसह राज्यातील प्रत्येक कारागृहापुढे एक निराळाच प्रश्न उभा राहिला. साथ दाराशी आली असता कोंडून ठेवलेल्या माणसाचे काय करायचे?

२.
बाहेरच्या जगाला तेव्हा ‘अंतर राखा’ असे सांगितले जात होते. बराकीत अंतर राखायचे कोठे? राज्यातील कारागृहांची अधिकृत क्षमता सुमारे २४ हजार होती आणि आत होते सुमारे ३५ हजार बंदी. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची क्षमता तर जेमतेम आठशे. तेथे दोन हजारांहून अधिक माणसे राहत होती.

३.
हा प्रश्न नवा नव्हता. आपल्याकडील कारागृहांचा मूळ कायदा १८९४ चा. त्याच्या सातव्या कलमात साथीचा स्पष्ट उल्लेख आहे. बंदींची संख्या सुरक्षित मर्यादेपलीकडे गेली किंवा कारागृहात साथ उद्भवली, तर त्यांची व्यवस्था तात्पुरत्या कारागृहात करावी, असे ते कलम सांगते. वसाहतकालीन राज्यकर्त्यांना धोका दिसत होता. पण त्यांचे उत्तर होते, एका कुंपणातून दुसऱ्या कुंपणात. सुटकेचा विचार त्या कलमात नाही.

४.
दोनच वर्षांनी, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग आला. जानेवारी १८९७ मध्ये वाल्देमार हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि महिनाअखेरीस ती भायखळ्याच्या तुरुंगातील बंदींना दिली. सुमारे निम्मे बंदी ‘स्वेच्छेने’ पुढे आले. टोचण्याच्या दिवशीच आजारी पडलेले वगळता, लस घेतलेल्यांत दोघांना लागण झाली आणि कोणीही दगावले नाही. न घेतलेल्यांत बाराजणांना लागण झाली आणि सहा दगावले.

५.
त्या आकड्यांनी लसीवरील विश्वास वाढवला, हे खरे. पण ज्याला दार उघडून बाहेर जाता येत नाही, त्याच्या ‘स्वेच्छेला’ किती अर्थ, हा प्रश्नही तेथेच जन्मला. कैदी हा राज्याच्या हाती सोपवलेला देह आहे. त्या देहाची जबाबदारी कोणाची? हा धागा ध्यानात ठेवावा. पुढील सारा वाद त्यालाच बांधलेला आहे.

६.
त्याच १८९७ च्या फेब्रुवारीत साथीचे रोग अधिनियम संमत झाला. चार-पाच कलमांचा हा लहानसा कायदा. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने टाळेबंदीपूर्वी लागू केला तो हाच. थोड्याच काळात तो कारागृहाच्या दाराशीही येऊन थांबणार होता, तो कसा ते पुढे पाहू.

७.
मार्च २०२० मध्ये जगभर तुरुंग अस्वस्थ झाले. इटलीत नातेवाइकांच्या भेटी बंद होताच दंगली उसळल्या आणि त्यांत माणसे मेली. इराणने सुमारे ८५ हजार बंदींना तात्पुरते घरी पाठवल्याचे जाहीर केले. कोलकात्याच्या दमदम तुरुंगातही हिंसाचार झाला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ मार्चला या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आणि २३ मार्चला प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमण्यास सांगितले.

८.
या आदेशाचे स्वरूप नीट समजून घ्यावे. न्यायालयाने ‘सर्वांना सोडा’ असे म्हटले नव्हते. कोणत्या वर्गातील बंदींना सोडता येईल हे राज्यांनी ठरवावे, असे ते म्हणाले. उदाहरण दिले ते सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांचे. १३ एप्रिलला न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले की सुटकेची सक्ती नाही, लागण झालेल्या बंदीला सोडू नये आणि सोडलेल्यांच्या प्रवासाची सोय करावी. रेल्वे आणि एस.टी. बंद असताना दारातून बाहेर पडलेला माणूस गावी पोहोचणार कसा, याचे भान त्या आदेशात होते.

९.
महाराष्ट्राची समिती त्रिसदस्यीय होती : न्यायमूर्ती ए. ए. सय्यद अध्यक्ष, गृहखात्याचे वरिष्ठ सचिव आणि कारागृह विभागाचे प्रमुख. २६ मार्चला तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सुमारे ११ हजार बंदींना सोडण्याचे जाहीर केले. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आर्थर रोडमध्ये ७७ बंदी आणि २६ कर्मचारी बाधित आढळले. तेव्हा समितीने निकष रुंदावले आणि सुटकेचे लक्ष्य सुमारे १७ हजारांवर, म्हणजे निम्म्या बंदींवर, गेले.

१०.
येथे दोन शब्द वेगळे करावे लागतात. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे; त्याला तात्पुरता जामीन. पक्का कैदी म्हणजे शिक्षा झालेला. त्याला अभिवचन रजा, अर्थात पॅरोल. नाशिकरोडसारख्या मध्यवर्ती कारागृहात दीर्घ शिक्षेचे पक्के कैदी मोठ्या संख्येने असतात. त्यामुळे सात वर्षांची रेषा तेथे अनेकांच्या वाट्याला कुंपण म्हणूनच आली.

११.
८ मे २०२० रोजी राज्याने १९५९ च्या रजा नियमांत दुरुस्ती केली. सात वर्षे वा त्याहून कमी शिक्षा असलेल्याला कारागृह अधीक्षकांनी ४५ दिवसांची आपत्कालीन रजा द्यावी आणि ती तीस-तीस दिवसांनी वाढत जावी. सात वर्षांहून अधिक शिक्षा असल्यास, मागील दोन्ही वेळी तो रजेवरून वेळेत परतलेला असावा. दर तीस दिवसांनी पोलीस ठाण्यात हजेरी. आणि ही रजा किती काळ? साथीचे रोग अधिनियमाखालील अधिसूचना लागू असेपर्यंत. प्लेगच्या वर्षीचा कायदा आता सिन्नर किंवा येवल्याच्या कैद्याचे घरी राहण्याचे दिवस मोजू लागला.

१२.
वाद पेटला तो वगळलेल्यांवरून. मोक्का, यूएपीए, अमली पदार्थविरोधी कायदा, मनी लाँडरिंग, मोठे आर्थिक घोटाळे आणि परदेशी नागरिक यांना ही सवलत नव्हती. जनआंदोलनांच्या राष्ट्रीय समन्वयाने उच्च न्यायालयात विचारले की विषाणू कलम पाहून लागण करतो काय? सत्तरीच्या मधुमेही बंदीला धोका अधिक की बाविशीतल्या चोराला? मग धोक्याऐवजी गुन्ह्याचे माप का?

१३.
राज्याच्या बाजूलाही वजन होते. साक्षीदार बाहेर होते, पीडितांची कुटुंबे बाहेर होती. टाळेबंदीत पोलीस रस्त्यावर अडकलेले होते. गंभीर गुन्ह्यातील माणूस फरार झाला तर त्याला शोधणार कोण? ऑगस्ट २०२० मध्ये उच्च न्यायालयाने हे वर्गीकरण वैध ठरवले आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. हेतू गर्दी कमी करण्याचा होता. सुटका हा प्रत्येकाचा हक्क म्हणून दिलेली नव्हती, असा त्याचा अर्थ. जो बाहेर गेला, त्याच्या जाण्याने आत उरलेल्याला दोन हात जागा मिळावी, ही त्यामागची कल्पना.

१४.
मग नियमातील शब्दांवर लढाया झाल्या. ‘मागील दोन्ही वेळी वेळेत परतलेला’ ही अट, ज्याला पूर्वी कधी रजाच मिळाली नाही त्याला लावायची काय? जुलै २०२० मध्ये उच्च न्यायालयाने बंदींच्या बाजूने उत्तर दिले. दुसरी लढाई एका छोट्या शब्दाची. वगळलेल्या कायद्यांच्या यादीच्या शेवटी ‘इत्यादी’ होते. त्या ‘इत्यादी’त बाललैंगिक अत्याचारविरोधी कायदा, म्हणजे पोक्सो, येतो काय? उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने येतो असे सांगितले. एका शब्दाने कित्येकांचे दार बंद झाले; पीडित मुलांच्या घरच्यांना त्यानेच दिलासा मिळाला असेल.

१५.
आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्रात संचित रजा, म्हणजे फर्लो, शिक्षेत धरली जाते. अभिवचन रजा धरली जात नाही. अर्थात घरी काढलेला प्रत्येक दिवस पुढे आत भरून द्यायचा. ती सुटका नव्हती, ती उसनवारी होती. आणि घर तरी सुरक्षित होते काय? एप्रिल-मे २०२० मध्ये नाशिक जिल्ह्यातील मालेगाव राज्यातील सर्वाधिक बाधित शहरांपैकी एक होते.

१६.
दुसऱ्या लाटेत, ७ मे २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने आधी सोडलेल्यांना पुन्हा सोडण्यास सांगितले. त्याच आदेशात एक विलक्षण नोंद आहे : सामाजिक परिस्थितीमुळे किंवा साथीच्या भयाने ज्यांना बाहेर जायचेच नसेल, त्यांच्याशी प्रशासनाने सहानुभूतीने वागावे. दार उघडे असूनही ज्याला जावेसे वाटत नाही, अशा माणसाची दखल न्यायालयाला घ्यावी लागली.

१७.
एप्रिल २०२२ मध्ये राज्यातील निर्बंध उठले आणि त्यानंतर रजेवरील बंदींना परत बोलावण्यात आले. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील अशा सर्वांना पंधरा दिवसांत हजर होण्यास सांगितले. पुष्कळजण आपल्या पायांनी परतले. काही परतले नाहीत. त्यांच्यावर गुन्हे नोंदले गेले. न परतलेल्यांची बातमी झाली. दाराशी येऊन स्वतःचे नाव सांगणाऱ्याची बातमी होत नाही.

१८.
१८९४ च्या कायद्याने साथीत कैद्याला हलवले. १८९७ मध्ये त्याला टोचले. २०२० मध्ये त्याला, निवडून, घरी पाठवले. दरम्यान तात्पुरती कारागृहेही उघडली गेली, म्हणजे जुने सातवे कलम पुस्तकातून बाहेर आलेच. सव्वाशे वर्षांत बदलले ते एवढे, की आता आपण शिक्षेच्या हेतूबद्दल विचारू लागलो. न्यायाधीश स्वातंत्र्य हिरावण्याची शिक्षा देतो. आजाराची शिक्षा कोणत्याही निकालपत्रात लिहिलेली नसते.

१९.
म्हणूनच हा वाद दयेचा नव्हता. साथीने निर्माण केलेला प्रश्न धोक्याचा होता आणि कायद्याने त्याचे उत्तर गुन्ह्याच्या मापाने दिले. ते माप चूक होते असे ठामपणे म्हणवत नाही; समाजाचा विश्वास टिकवूनच दार उघडता येते. पण हे माप साथीच्या घाईत, काही आठवड्यांत ठरवावे लागले. गर्दी मात्र साथीच्या आधीपासून होती. क्षमतेच्या दीडपट भरलेली बराक ही कोणत्याही साथीला दिलेली आगाऊ परवानगी असते.

२०.
नाशिकरोडच्या त्या उंच भिंतीजवळून पुढच्या वेळी जाल, तेव्हा साने गुरुजींची आठवण जरूर काढा. सोबत एवढेही आठवा : तो तुरुंग शहराबाहेरचा नाही. तेथील कर्मचारी संध्याकाळी आपल्याच वस्तीत घरी येतात आणि तेथून सुटणारा माणूस आपल्याच एस.टी.ने गावी जातो. साथीला आत आणि बाहेर असा भेद ठाऊक नसतो.

मालिका समाप्त. आपल्या गावच्या कारागृहाचा साथीशी जोडलेला जुना इतिहास ठाऊक असल्यास खाली अवश्य लिहावा.